चार तारांच्या गिटारला तारा लावताना आधी सूर ठरवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पत्रव्यवहारात एका ताईंनी विचारलं होतं की पोराला मामाने छोटी चार तारांची गिटार पाठवलीय, टेनर गिटार म्हणतात ती, हिला तारा कुठल्या लावायच्या? आणि खाली कुणीतरी उत्तर दिलं होतं की साध्या गिटारचा सेट आणा, दोन जाड तारा बाजूला टाका, झालं काम. अर्धं खरं आहे ते. उरलेल्या अर्ध्यापायी माझ्या दोन तारा गेल्या आणि गालावर ओरखडा आला म्हणून लिहायला बसलो.

माझी टेनर भाच्याने बाहेरून आणलेली, नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (पोटावरची तारा अडकवायची पट्टी) २३ इंच. गावातल्या एका दुकानात नेली, तिथल्या पोरानं १२ च्या सेटमधल्या (हे आकडे तारेच्या जाडीचे, इंचाचे हजारावे भाग; सेटचं नाव सगळ्यात बारीक तारेवरून) चार बारीक तारा चढवून दिल्या. घरी येऊन मी मोबाइलवर टेनरचं स्टँडर्ड ट्यूनिंग काढलं, जाड तारेपासून बारीककडे सी-जी-डी-ए, आणि खुंटी पिळत बसलो. बारीक तार ‘ए’ ला पोचायच्या आत टण्णकन तुटली. दुसरी आणली, तीही गेली. आतनं आवाज आला, "गेली का परत?"

आता कळतंय की गेली त्यात नवल काहीच नव्हतं. साध्या गिटारची पहिली तार ई सुराची, तिला मी थेट वरच्या एपर्यंत ताणत होतो. १२ ची तार २३ इंचावर एला आणायची तर जवळपास पंधरा किलोचा ताण येतो, १० ची घेतली तर साडेदहा. मग लोक म्हणतात बारीक घ्या, तुटणार नाही. तसं नसतंय! तार कुठल्या सुराला तुटणार हे लांबीवर आणि पोलादावर ठरतं, जाडीचा त्यात फारसा संबंध नाही, बारीक तारेनं फक्त ब्रिजवरची ओढ कमी होते. म्हणून २३ इंचावर १० ची तारसुद्धा एला काठावरच असते, सारखी तुटत असेल तर चारी तारा एकेक सूर खाली उतरवा, कोण विचारणार आहे? २१ इंचाची गिटार असेल तर मात्र आरामात चढते.

मुळात हे वाद्य आलं बेंजोवाल्यांसाठी. आपल्या गणपतीच्या मिरवणुकीतला बटणांचा बेंजो नव्हे हां, तो वेगळा, अमेरिकेतला कातड्याचा टेनर बेंजो. १९२० च्या दशकात तिकडच्या डान्स बँडमध्ये गिटारचा आवाज चालायला लागला, तेव्हा बेंजोवाल्यांना बोटं तीच ठेवून गिटार वाजवता यावी म्हणून चार तारांची काढली. म्हणून सी-जी-डी-ए. सी ला सा धरा, मग सा, प, वरचा रे, वरचा ध, सगळा षड्ज-पंचमाचा खेळ. पेटीवर वाजवून बघा, लगेच कळेल.

दुसरं ट्यूनिंग जी-डी-ए-ई, म्हणजे व्हायोलिन-मेंडोलिनचंच पण एक सप्तक खाली, आयरिश मंडळींचं आवडतं. मेंडोलिनवाल्याला बोटं आयती मिळतात. तिसरं डी-जी-बी-ई, शिकागो ट्यूनिंग म्हणतात, साध्या गिटारच्या चार बारीक तारा जशाच्या तशा. त्या दुकानातल्या पोराच्या तारा याच ट्यूनिंगला बरोबर होत्या, १२, १६, २४, ३२ (तारांच्या जाड्या मी बारीककडून जाडीकडे सांगतोय). चूक माझी की मी न सांगता गेलो, आणि त्याची की त्यानं विचारलं नाही.

सी-जी-डी-ए ला साधारण १०, १४, २२, ३२ लागतात. जी-डी-ए-ई ला १२, २२, ३२ आणि खाली ४६ च्या आसपास, तिथं ३२ लावली तर कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी लोंबते. पण ४६ ची तार नटच्या जुन्या खाचेत बसत नाही, कोंबू नका, जाणकाराकडून कानस मारून घ्या. शिवाय टोकाला गोळीवाली तार हवी की फासवाली ते बघून जा, ब्रिजला खिळे असतील तर गोळीवालीच.

मला गंमत वाटते ती ही की पन्नासेक किलोमीटरवर मिरज आहे, तिथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, तिथं तानपुरा घ्यायला गेलात तर गवई की गायिका, सूर कुठला, हे आधी विचारतात आणि मग तारा चढवतात. आणि गिटार म्हटलं की इकडं थेट पाकीट हातात! दुकानदारांना एवढीच विनंती की १०, १२, १४, २२, ४६ अशा सुट्या तारा ठेवा, एका तारेसाठी सहाचा सेट घ्यायला लावू नका.

ताई, पोरगा गिटारच्या क्लासला जात असेल तर डी-जी-बी-ई ठेवा, तेच कॉर्ड चालतील. मेंडोलिनची हौस असेल तर जी-डी-ए-ई. आणि पहिली तार चढवताना तोंड जरा लांब ठेवायला सांगा.

आपला एक वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर