रेड हाऊसच्या लेखात विटा कुठे गेल्या?

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला लंडनजवळच्या रेड हाऊस या घरावरचा लेख वाचला, फोटो झकास आहेत, पण एक गोष्ट खटकली म्हणून लिहितोय. सगळा लेख वॉलपेपर, रंगीत काचा आणि घराचे मालक, डिझायनर विल्यम मॉरिस यांच्यावरच, आणि ज्या विटेवरून त्या घराला नाव पडलं तिला जेमतेम एक ओळ!

1859 मध्ये आर्किटेक्ट फिलिप वेबने मॉरिससाठी बेक्सलीहीथला हे घर डिझाइन केलं. त्याच्या आधी लंडनकडे बरीच वर्षं फॅशन होती की वीट दिसूच द्यायची नाही, वरून गिलावा करायचा आणि त्यावर रेघा मारून दगडाचा आव आणायचा, आणि या पठ्ठ्याने लाल वीट सरळ उघडी ठेवली, कमानी विटेच्या, आत शेकोटीसुद्धा विटेची. मॉरिस तिथे राहिला जेमतेम पाच वर्षं, पण घर टिकलं, 2003 पासून नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे.

मशिनमुळे विटा स्वस्त झाल्या असं लेखात म्हटलंय, तेही अर्धंच खरं आहे. ब्रिटनमध्ये 1784 पासून विटांवर टॅक्स होता, तो हजार विटांमागे, मग काय, लोकांनी विटाच मोठ्या पाडायला सुरुवात केली (टॅक्स चुकवायची अक्कल सगळीकडे सारखीच!), शेवटी सरकारला मोठ्या विटेवर जास्त टॅक्स बसवावा लागला. तो 1850 मध्ये गेला, पुढच्या वर्षी खिडक्यांवरचाही गेला, आणि रेल्वेमुळे लांबच्या भट्टीतली वीट कुठेही पोचायला लागली.

आणि मुख्य म्हणजे विटांच्या सांध्यातला चुना. त्याचा तर लेखात उल्लेखच नाही. मी काही वर्षं लीड्सला अशाच एका व्हिक्टोरियन घरात भाड्याने राहिलोय, चाळीसारखी एकाला एक चिकटलेली विटांची घरं असतात ना, तसं. नऊ इंची भरीव भिंत, मधे पोकळी वगैरे काही नाही. अशी भिंत पावसात ओली होणारच, पण सांध्यातला चुना विटेपेक्षा मऊ असतो, ओल त्यातून बाहेर निघून जाते, भिंत वाळते. आमच्या मालकाने हौसेने चुना खरवडून सिमेंटचं पॉइंटिंग करून घेतलेलं, म्हणजे सांधे सिमेंटने भरून घेतलेले, आता ओल जाणार कुठे, ती विटेतच अडकणार, थंडीत तिचा बर्फ होऊन फुगणार आणि विटेचा दर्शनी थर सुटणार. तसंच झालं. शंभराहून जास्त वर्षं टिकलेल्या विटांचा बाहेर लाल भुगा पडायचा आणि आत बेडरूमच्या भिंतीला ओल. मालकाचं निदान काय, तर तुम्ही खिडक्या उघडत नाही! मग त्याने आतून नवीन प्लास्टर मारून वर रंग दिला, मी घर सोडलं तोवर त्याचेही पोपडे सुटायला लागले होते.

आपला,
एक नियमित वाचक