सह्यांच्या वरची मोकळी जागा : ग्रामविकास मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, ग्रामविकास व पंचायतराज,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : 'ऐनवेळचे विषय' या नावाखाली होणारे खर्चाचे ठराव थांबवणे आणि ग्रामपंचायतीचं दफ्तर गावाला खुलं करणे.

महोदय,
सविनय नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या अडीच हजार वस्तीच्या एका गावात राहते. घरची थोडी शेती आहे आणि पिठाची गिरणी आहे. 2015 ते 2020 अशी पाच वर्षं मी महिला राखीव जागेवरून ग्रामपंचायत सदस्य होते. गावाचं नाव लिहीत नाही. एक तर मी सांगते आहे ते एकाच गावातलं नाही. दुसरं म्हणजे त्यातली माणसं रोज माझ्या दारावरून जातात आणि त्यांच्याशी माझं वैर नाही.

निवडून आल्यावर चौथ्या-पाचव्या महिन्यातली गोष्ट. दुपारची वेळ, गिरणी सुरू, माझे हात कोपरापर्यंत पिठात. ग्रामपंचायतीचा शिपाई काखेत प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताची वही, घेऊन आला. "वहिनी, मासिक सभेची सही राहिलीय तुमची." मी म्हटलं, सभा झालीच कुठं? सोमवारी आम्ही तिघीचौघं जाऊन बसलो, सरपंच तालुक्याला गेले होते, तासाभराने उठून आलो. तो म्हणाला, "झाली असं धरायचं. वर पाठवायला लागतं." त्याने पान उघडून धरलं. वर तारीख होती. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे, मागील महिन्याच्या जमाखर्चास मंजुरी देणे, हे दोन विषय लिहिलेले होते. त्याखाली अर्धं पान कोरं. आणि तळाला सहा सह्या, माझ्या नावापुढं पेन्सिलीची फुली. डाव्या हाताने मी पान दाबून धरलं आणि उजव्या हाताने सही केली. कोऱ्या जागेवर माझ्या पिठाच्या बोटांचे ठसे उठले. शिपायाने फुंकर मारली, पण ते पुरते गेले नाहीत.

त्या वर्षी केंद्राच्या चौदाव्या वित्त आयोगाचा पैसा नुकताच थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर यायला लागला होता. उन्हाळ्यात गावाच्या वरच्या वस्तीचा पाण्याचा पंप जळाला. बायका दोन महिने खालच्या विहिरीवरून पाणी वाहत होत्या, त्यात सातवा महिना लागलेली एक पोर होती. त्याच दोन महिन्यांत चावडीपासून एका गल्लीत पेव्हर ब्लॉक बसले. मी विचारलं, पंपाला पैसे नाहीत आणि ब्लॉकला कुठून आले? उत्तर मिळालं, "ठराव झालाय. तुमची सही आहे त्यावर." मी बुक मागितलं. तेच पान. कोऱ्या जागेत आता बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी आलेले विषय', आणि त्यातला तिसरा विषय ब्लॉकचा. शाईच्या ओळी माझ्या पिठाच्या ठशांवरून गेल्या होत्या.

त्या ब्लॉकच्या कामात चोरी झाली असं मी म्हणत नाही. ब्लॉक बसले, मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली, बिल निघालं. लेखापरीक्षणालाही त्यात काही सापडलं नसेल, कारण कागदाला कागद जुळत होता. पण आधी पाणी की आधी ब्लॉक, हे गावाला कुणी विचारलं नाही. आणि विचारलं नाही, याची नोंद कुठल्याच कागदावर नाही. उलट कागद सांगतो की विचारलं आणि मी हो म्हटलं.

त्यानंतर मी कायदा वाचला. तालुक्याच्या दुकानातून महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 आणला आणि गिरणीत बसून वाचला. कायदा कच्चा नाही. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 रोजी अमलात आली आणि ग्रामसभा थेट राज्यघटनेत गेली. आपल्या राज्यात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. त्या विनाकारण न घेणाऱ्या सरपंचाचं पद जाऊ शकतं. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची आहे. वर्षाचा जमाखर्च, कामाचा अहवाल, लेखापरीक्षणाची टिपणी हे सगळं ग्रामसभेपुढं ठेवायचं आहे. हे वाचताना मला भरून आलं होतं, कारण गावाच्या बाजूने कुणीतरी इतका बारीक विचार करून ठेवला होता.

पण ही जबाबदारी वरच्या दिशेने पार पाडली जाते. पंचायत समितीला इतिवृत्त जातं, जिल्हा परिषदेला अहवाल जातो, लेखापरीक्षकाला दफ्तर जातं, पोर्टलवर आकडे चढतात. खाली, गावाकडे, काय येतं? ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे लागणारी किमान हजेरी, 15 टक्के मतदार किंवा 100 मतदार, यांत जी संख्या कमी असेल ती. तेवढी माणसं जमली नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग पहिली सभा मोडणंच सोयीचं होऊन बसतं. आमच्याकडे 15 ऑगस्टला झेंडावंदन झालं, मुलांना खाऊ वाटला, आणि माणसं पांगत असतानाच सभा तहकूब झाल्याचं सांगितलं गेलं. पुढची सभा आठ-दहा माणसांत झाली. उरलेल्या सह्या शिपाई घरोघर फिरून घेऊन गेला, तशीच जशी माझी घेतली होती.

पोर्टलचं कौतुक मीही करते. ई-ग्रामस्वराजवर आज गावातला कॉलेजचा मुलगा मोबाइलवर बघून सांगतो की अमुक कामावर अमुक रुपये पडले. दहा वर्षांपूर्वी हे स्वप्नातही नव्हतं. केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयाने 2025 मध्ये 'सभासार' आणलं, ते सभेच्या रेकॉर्डिंगवरून इतिवृत्त तयार करून देतं. चांगलं आहे. पण जी सभा झालीच नाही तिचं रेकॉर्डिंग कुठून आणायचं? आणि पोर्टलवर खर्च झाल्यावर दिसतो. गावाला तो होण्याच्या आधी दिसायला हवा.

माझी भाची लग्न होऊन इंग्लंडमधल्या एका खेड्यात राहते. तिथं ग्रामपंचायतीसारखी एक संस्था असते, पॅरिश कौन्सिल. 1894 च्या कायद्याने त्या सुरू झाल्या, आज अशा दहा हजारांच्या आसपास आहेत. अधिकार आपल्या ग्रामपंचायतीपेक्षा कितीतरी कमी : गावचा हॉल, दफनभूमी, खेळाचं मैदान, बसथांब्याची शेड, पायवाटा. त्यासाठी त्या घरपट्टीसोबत थोडी रक्कम घेतात. भाची एकदा सभेला जाऊन बसली आणि रात्री तिने मला फोन केला. म्हणाली, "मावशी, इथं अजेंड्यावर जो विषय लिहिलेला नाही त्यावर निर्णयच घेता येत नाही. बेकायदा ठरतो. अजेंडा तीन पूर्ण दिवस आधी लावायचा, आणि त्यात नाही ते पुढच्या सभेत." मी तिला पुन्हा सांगायला लावलं. मला माझं ते पान आठवत होतं.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली. दरवर्षी कामकाजाचे सलग 30 दिवस पॅरिशची हिशेबाची वही, पावत्या, बिलं, करार कुणाही मतदाराला बघायला खुले ठेवावे लागतात. त्या काळात मतदार थेट लेखापरीक्षकाला प्रश्न विचारू शकतो, हरकत घेऊ शकतो. ते दिवस कधी सुरू आणि कधी संपणार याची नोटीस लावायची, त्यात जुलैचे कामकाजाचे पहिले दहा दिवस यायलाच हवेत. अर्ज नको, अपील नको, 30 दिवस वाट बघणं नको.

तिथं सगळं आलबेल आहे असं नाही. कित्येक जागांना उमेदवारच मिळत नाहीत, मग आत बसलेलेच बाकीच्यांना घेतात. 2011 च्या कायद्यानंतर गैरवागणूक करणाऱ्या सदस्याला निलंबित करण्याची सोयच राहिली नाही, फार तर ताशेरे ओढता येतात. सरपंचाला घरी पाठवण्याची जी तरतूद आपल्याकडे आहे तशी त्यांच्याकडे नाही. या बाबतीत आपला कायदा जास्त कडक आहे, हे मला अभिमानाने सांगावंसं वाटतं. पण ती अजेंड्याची आणि उघड्या वहीची रीत मला हवी आहे. तिला पैसे लागत नाहीत. नवा विभाग, नवं अॅप, नवी योजना, काहीच लागत नाही.

म्हणून माझी पहिली विनंती : ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत आणि ग्रामसभेत ज्या ठरावाने एक रुपयाही खर्च होणार असेल, गावची जागा कुणाला मिळणार असेल किंवा कुणाची आकारणी बदलणार असेल, तो ऐनवेळचा विषय म्हणून घेता येणार नाही, असा स्पष्ट नियम करा. नळ फुटला, भिंत पडली, साथ आली, अशा खऱ्या तातडीच्या कामाला वाट ठेवा, पण पुढच्या ग्रामसभेत त्याचं कारण आणि रक्कम वाचून दाखवायची अट घाला. अजेंड्याच्या शेवटी छापून ठेवलेली 'ऐनवेळी आलेले विषय' ही एक ओळ गावाच्या सगळ्या हक्कांना खाली बसवते.

दुसरी विनंती : वर्षातला एक महिना ग्रामपंचायतीचं दफ्तर उघडं ठेवा. ग्रामपंचायतीच्या हिशेबाच्या ठरलेल्या नोंदवह्यांत, नमुना 1 ते 33 मध्ये, काय काय असतं हे गावातल्या बायकांना माहीत नाही, आणि माहीत व्हायला कुणी दाखवलंच नाही. नमुना 5 ची रोकडवही, नमुना 8 ची आकारणी, बिलं, मोजमाप पुस्तिका हे टेबलावर मांडा. कुणाचं खाजगी काही असेल ते झाका. दवंडी द्या, व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका की या तारखेपासून या तारखेपर्यंत कुणीही या आणि बघा. आज हेच बघायचं तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा लागतो, आणि गावात अर्ज करणं म्हणजे दुसऱ्या दिवशी दळण बंद होणं. हे मी सोसलं आहे. उघडा दिवस सगळ्यांसाठी असेल तर बघायला जाणारा कुणाचा शत्रू ठरत नाही.

तिसरी गोष्ट आपल्या दालनाची आहे, त्यामुळे लिहिताना हात थोडा अडखळतो. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 39 खाली सरपंच किंवा सदस्याच्या गैरवर्तनाची चौकशी मुख्य कार्यकारी अधिकारी करतात, काढून टाकण्याचा आदेश विभागीय आयुक्त देतात, आणि त्यावरचं अपील शासनाकडे येतं. अपिलाचा हक्क असायलाच हवा. खोट्या तक्रारींनी, विशेषतः मागासवर्गीय आणि महिला सरपंचांना, किती छळलं जातं हे मला ठाऊक आहे. पण चौकशीला वर्ष, आदेशाला वर्ष आणि वर स्थगिती मिळाली की पाच वर्षांची मुदतच संपून जाते. कुठल्या अपिलात स्थगिती दिली, कोणत्या कारणाने दिली आणि किती दिवसांसाठी दिली, एवढं आपण दर महिन्याला जाहीर करा. गावाकडून हिशेब मागताना आपलाही हिशेब समोर असला, तर आपल्या शब्दाला वजन येईल.

सरपंचांच्या बाजूनेही लिहिलं पाहिजे. दोन हजारांपर्यंत वस्तीच्या गावच्या सरपंचाला 2024 पर्यंत महिन्याला 3000 रुपये मानधन होतं, ते 6000 झालं. एवढ्या पैशात त्याने शेती सोडून दिवसभर तालुक्याच्या चकरा मारायच्या. ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, त्यांच्याकडे दोन-दोन, तीन-तीन गावांचा कारभार. मग सभा धरली जाते, सह्या फिरवल्या जातात. त्यात नेहमीच बेइमानी नसते. पुष्कळदा दमणूक असते, आणि वरून आलेला फोन असतो की संध्याकाळपर्यंत अहवाल पाहिजे. तो संध्याकाळचा अहवाल आपलाच विभाग मागतो.

आणि गावाचंही चुकतं. जानेवारी 2021 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथली निवडणूक राज्य निवडणूक आयोगाने रद्द केली, कारण पदांचा जाहीर लिलाव झाल्याचं समोर आलं होतं. बोली लावून खुर्ची घेणारा माणूस ग्रामसभेत हिशेब कशाला देईल? त्याच्या मते त्याने पैसे मोजलेले असतात.

याच महाराष्ट्रात गडचिरोलीतलं मेंढा-लेखा आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' असं म्हणणारं. तिथं बहुमताने नाही, सर्वसहमतीने ठरतं. एकाला जरी पटलं नाही तरी विषय पुन्हा बोलायचा. 2009 मध्ये त्यांनी जवळजवळ 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, तो अशाच सभांमधून, अभ्यास गट चालवून, वर्षानुवर्षं बसून. आमचं गाव मेंढा होईल असं मला वाटत नाही. आमच्यात भावकी आहे, पार्ट्या आहेत, ऊसबिलाची भांडणं आहेत. पण पंप आधी की ब्लॉक आधी, एवढं तर आम्ही चावडीवर बसून नक्की ठरवलं असतं.

माझी मुदत संपायच्या आधी मी एक काम केलं. पेन्सिलीची फुली असलेल्या आणि वर कोरी जागा सोडलेल्या पानावर सही करायची नाही, असं आम्ही तीन महिला सदस्यांनी ठरवलं. पहिल्या महिन्यात शिपाई बुक घेऊन परत गेला. दुसऱ्या महिन्यात घरच्यांकडून सांगून पाहिलं. तिसऱ्या महिन्यात मासिक सभा भरली, सरपंच खुर्चीत होते आणि विषय एकेक करून वाचले गेले. सभा अडीच तास चालली. वरच्या वस्तीतल्या चार बायका दाराशी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांना कुणी जा म्हटलं नाही.

सोबत त्या पहिल्या पानाची झेरॉक्स जोडली आहे, मुदत संपल्यावर माहितीच्या अधिकारात मिळवलेली. गावाचं नाव आणि बाकीच्या सह्या झाकल्या आहेत, माझी तेवढी ठेवली आहे. झेरॉक्समध्ये पिठाचे ठसे नीट दिसत नाहीत. उजेडाकडे धरलंत तर तिसऱ्या विषयाच्या ओळीखाली करड्या खुणा दिसतील.

आपली,
एक माजी ग्रामपंचायत सदस्य
जि. सातारा