कल्पना कशाला, पूर्व भागात या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला संगणकाविना जगण्याची कल्पना करणारा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा सोडून दिला. दुसऱ्यांदा 'किचकट काम तेव्हा माणसाच्या आवाक्यातच नव्हते' हे वाक्य वाचले आणि रात्रभर डोक्यातून जाईना. लेखक सोलापूरचेच आहेत असे खाली छापले आहे. त्यांच्या घरात एकही चादर नाही काय?

माझे वडील, आमचे अण्णा, सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे विणकरांच्या वस्तीत, जेकार्डचे पुठ्ठे पंच करायचे. जेकार्ड म्हणजे कापडात नक्षी विणण्यासाठी मागावर बसवलेले यंत्र. आधी ग्राफ पेपरवर मोर काढायचा, एकेक चौकट रंगवायची आणि मग ओळीओळीने पुठ्ठ्याला भोके पाडायची. भोक असेल तिथे सुई आत जाते, हुक वर उचलला जातो, उभा धागा उठतो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. एका आडव्या धाग्याला एक पुठ्ठा. असे शेकडो पुठ्ठे दोरीने ओवून त्यांची माळ मागावर चढायची.

एकदा मोराची चोच तुटकी यायला लागली. प्रत्येक चादरीत, त्याच जागी. अण्णांनी रात्री चादर घरात जमिनीवर अंथरली आणि टाचणीच्या टोकाने धागे मोजत बसले. मी कंदील धरला होता, कारण लाइट गेली होती. पहाटे चुकलेला पुठ्ठा सापडला. नको असलेल्या भोकावर त्यांनी कागदाचा तुकडा खळीने चिकटवला, शेजारी नवे भोक पाडले. दुपारी चोच अखंड आली. सातवी शिकलेला माणूस होता तो. हे काम आवाक्याबाहेरचे होते, असे आम्हाला कोणी सांगू नये.

आणि या पुठ्ठ्यांचे संगणकाशी नाते काय, हे तरी लेखकांनी पाहायला हवे होते. जेकार्डचा माग फ्रान्समध्ये १८०४ सालचा. चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने पुढे आपल्या गणनयंत्रासाठी हीच भोकांची कार्डे योजली. १८९० ची अमेरिकेची जनगणना भोकांच्या कार्डांवर मोजली गेली. म्हणजे संगणकाच्या घराण्यात आमचा माग आजोबांच्या जागी आहे.

मी संगणकाच्या विरोधात नाही. माझी मुलगी त्यावरच डिझाइन करते, अण्णांना आठवडा लागायचा ते काम दुपारपर्यंत संपवते, आणि मला तिचा अभिमान आहे. राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. अण्णा जिथे कामाला होते त्या कारखान्यात संगणक आला तेव्हा त्यांचे सगळे पुठ्ठे रद्दीत किलोवर गेले. मला कळले तेव्हा टेम्पो निघून गेला होता. त्या मोराचा एक पुठ्ठासुद्धा आमच्या घरात नाही. अजून काही माळ्यांवर अशा माळा पडून आहेत, त्या पंच करणारी म्हातारी माणसेही आहेत. कल्पना करण्याऐवजी लेखकांनी त्यांच्याकडे जावे. मी स्वतः बरोबर येईन.

जाता जाता, पत्रे फक्त ई-मेलनेच पाठवा, असे आपण गेल्या महिन्यापासून छापता. हे पत्र मी हाताने लिहिले आणि मुलीने टाइप करून पाठवले. ज्यांच्या घरी अशी मुलगी नाही, त्यांची पत्रे आपण टपालाने स्वीकारावीत, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
साखर पेठ, सोलापूर