केसल महाग नव्हता

मिसिसागा, रविवार

प्रिय विलास,

तुझं पत्र पोचलं. शेवटी सहज विचारल्यासारखा जो प्रश्न तू टाकला आहेस, त्याचं उत्तर दोन ओळींत देता येईना, म्हणून आज सकाळपासून लिहायला बसलो आहे. तू म्हणतोस, "एक खेळाडू देऊन बॉस्टनला तीन मिळाले, त्यातले दोन नामांकित निघाले. टोरांटो फसलं, यात वाद कसला?" वाद आहे, आणि मला तुझं म्हणणं अजिबात मान्य नाही. खडकीच्या मैदानावर आपण स्टिक धरायला शिकलो. धनराज पिल्लेचा खेळ डोळ्यांसमोर ठेवून वाढलो आपण. संघ हरला म्हणून धनराज लहान झाला, असं तू कधी म्हणाला नाहीस. मग बर्फावरची हॉकी खेळणाऱ्या फिल केसलला वेगळा न्याय का?

आधी व्यवहार नीट मांडतो, कारण तू तो उलट्या बाजूनं वाचला आहेस. १८ सप्टेंबर २००९ ला बॉस्टन ब्रुइन्सनी फिल केसल टोरांटो मेपल लीफ्सना दिला. बदल्यात त्यांनी माणूस एकही घेतला नाही. घेतल्या त्या तीन पाळ्या: टोरांटोची २०१० च्या ड्राफ्टमधली पहिल्या आणि दुसऱ्या फेरीची, आणि २०११ ची पहिल्या फेरीची. दर वर्षी जूनच्या सुमारास एनएचएलचे, म्हणजे इथल्या आइस हॉकी लीगचे, संघ अठराच्या आसपासची पोरं ओळीनं निवडतात, अशा सात फेऱ्या होतात. आदल्या हंगामात जो तळाला, त्याची पाळी आधी. प्लेऑफला न पोचलेल्या संघांत थोडी सोडतही असते. ही पाळी म्हणजे पिक. ती वर्ष-दोन वर्षं आधी दुसऱ्याच्या हवाली करता येते. आपल्या आयपीएलमध्ये लिलाव असतो, ट्रेड झाला तर पैशावर किंवा खेळाडूच्या बदल्यात होतो. हार्दिक पंड्या २०२३ मध्ये गुजरातहून मुंबईकडे आला तो पैशावरच. इथं मात्र न पाहिलेल्या पोराचा हक्क हेच चलन.

तुझ्या सासुरवाडीला, देवगडला, बाग मोहोरावर देतात ना, तसंच हे. व्यापारी मोहोर बघून रक्कम ठरवतो, पुढे तुडतुडे येवोत की अवकाळी, सोसायचं त्यानं. फरक एकच, आणि सगळी गोम त्यातच आहे. इथं बागेचं साल जेवढं वाईट, तेवढं फळ मोठं. टोरांटो जितकं हरणार, तितकी बॉस्टनची पाळी वर सरकणार. म्हणजे पिक देणारा संघ नकळत स्वतःच्याच पुढच्या हंगामावर पैज लावतो. बॉस्टननं पुढे त्या पिकांवर टायलर सेगिन आणि डगी हॅमिल्टन घेतले, पण सौद्याच्या दिवशी त्यांवर ही नावं लिहिलेली नव्हती. ती नावं टोरांटोच्या पराभवांनी लिहिली.

आता केसलचं मोल. सौद्याच्या दिवशी तो २१ वर्षांचा होता. २००६ च्या ड्राफ्टमध्ये पाचवा निवडला गेलेला. पहिल्याच हंगामात, डिसेंबर २००६ मध्ये, त्याला वृषणाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली आणि पोरगा त्याच हंगामात परत बर्फावर उतरला. चिकाटीसाठी दिली जाणारी मास्टरटन ट्रॉफी त्या वर्षी त्याला मिळाली. २००८-०९ मध्ये त्यानं ३६ गोल केले. पहिल्या फेरीच्या पिककडून संघ आशा तरी कसली करतो? निवडलेला मुलगा चार-पाच वर्षांनी हंगामाला तीस गोल करील, हीच ना? केसल ते करून मोकळा झाला होता आणि अजून बावीसचाही नव्हता. नव्या पाच वर्षांच्या करारासाठी टोरांटोनं त्याला २ कोटी ७० लाख डॉलर कबूल केले. सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगाराची मर्यादा, त्या वर्षी ५ कोटी ६८ लाख होती आणि बॉस्टनला त्यात त्याला बसवणं जमत नव्हतं. म्हणून बॉस्टनचा जनरल मॅनेजर पीटर शियारेली याच्यापुढचा सवालही "केसल की तीन पिक" असा नव्हताच. हातातून जाणाऱ्या गड्याचं जास्तीत जास्त काय वसूल होतं, एवढंच त्याला बघायचं होतं. ते त्यानं उत्तम केलं, याचं श्रेय मी त्याला पूर्ण देतो.

चूक झाली ती टोरांटोच्या जनरल मॅनेजरची, ब्रायन बर्कची, पण लोक म्हणतात ती नव्हे. आदल्या हंगामात लीफ्स तीस संघांत चोविसावे होते. सातव्या पाळीवर त्यांनी नाझेम काद्री घेतला होता. उन्हाळ्यात बर्कनं कोमिसारेक आणि बोशमन हे दोन दांडगे डिफेन्समन आणले आणि धरून चालला की आता आपण मधल्या फळीत जाऊ, पिक फार वरचं जाणार नाही. केसल खांद्याच्या शस्त्रक्रियेमुळे सुरुवातीला खेळू शकणार नव्हता, हे माहीत होतं. गोलकीपिंग कच्चं होतं, हेही दिसत होतं. पहिल्या आठ सामन्यांत एकही विजय नाही. ३ नोव्हेंबरला केसल आला तोवर हंगाम खड्ड्यात गेला होता. शेवटी ७४ गुण, एकोणतिसावा क्रमांक, आणि ड्राफ्टमधली दुसरी पाळी, थेट बॉस्टनच्या घरात. "आम्ही तळाला गेलो तर हे पिक आमच्याकडेच राहील आणि तुम्हाला पुढच्या वर्षीचं मिळेल" अशी एक अट घालता आली असती. आज असे संरक्षित पिक सर्रास असतात. बर्कनं ती घातली नाही. केसलची किंमत त्यानं बरोबर केली होती, विलास. स्वतःच्या संघाची मात्र फार जास्त धरली.

टोरांटोसाठी ही ठेच नवी असती तर समजून घेतलं असतं. १९८९ मध्ये लीफ्सनी टॉम कर्व्हर्स या डिफेन्समनसाठी न्यू जर्सीला १९९१ चं पहिल्या फेरीचं पिक दिलं होतं. ते तिसऱ्या क्रमांकाचं ठरलं आणि न्यू जर्सीनं घेतला स्कॉट नीडरमायर. त्याच्यासह त्यांनी तीन वेळा स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला. आणि २००७ मध्ये अ‍ॅनाहाइमनं कप उचलला, तेव्हा त्यांचा कर्णधार हाच नीडरमायर होता आणि जनरल मॅनेजर कोण? ब्रायन बर्क. आपल्या पुढच्या वर्षाचं पिक देणं म्हणजे काय, हे ज्याच्या कर्णधाराच्या अख्ख्या कारकिर्दीत लिहिलेलं होतं, त्यानंच टोरांटोत येऊन तेच केलं. मला याचा अजून उलगडा होत नाही. घाई हे एकच कारण दिसतं. १९६७ पासून कप नसलेलं शहर, आणि आणखी चार-पाच वर्षं वाट बघण्याची तयारी कोणाचीच नव्हती.

केसलनं काय दिलं ते बघ. टोरांटोतल्या सहा हंगामांतले गोल: ३०, ३२, ३७, मग संघमालकांच्या टाळेबंदीनं ४८ सामन्यांवर आलेल्या हंगामात २०, पुन्हा ३७ आणि शेवटी २५. एकूण ४४६ सामने, १८१ गोल, आणि गोल व गोलला दिलेले पास मिळून ३९४ गुण. त्या सहा वर्षांत त्याच्याहून जास्त गोल करणारे अख्ख्या लीगमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ३ नोव्हेंबरला जो उतरला, तो टोरांटोत असेपर्यंत एकही सामना चुकला नाही. त्याला तोडीचा सेंटर, म्हणजे मधून पास पुरवणारा गडी, कधी मिळाला नाही. टायलर बोझॅक कष्टाळू होता, पण पहिल्या ओळीचा सेंटर म्हणून इतर संघांनी त्याला धरलं नसतं. सेंटरशिवाय विंगर म्हणजे काय, हे तुला मी सांगायला नको. तू स्वतः राइट-आउटला किती वेळ चेंडूची वाट बघत उभा असायचास! प्लेऑफ एकदाच मिळाले, २०१३ मध्ये, तेही बॉस्टनविरुद्ध. सात सामन्यांत त्याचे चार गोल. सातव्या सामन्यात लीफ्स ४-१ नं पुढे होते, तिसरा गोल त्याचाच, आणि शेवटच्या दहा-अकरा मिनिटांत सगळं निसटलं. ओव्हरटाइममध्ये बॉस्टनच्या बर्जरोननं संपवलं. बॉस्टनचे प्रेक्षक त्याला बघून "थँक यू, केसल" असं ओरडत. त्याच्या मागे कायम सेगिनची सावली होती, आणि तिच्यात त्याचा दोष तसूभरही नव्हता. पुढे इथल्या वर्तमानपत्रांतून त्याच्या खाण्यापिण्यावरही लिहून आलं. हे वाचताना मला वाईट वाटायचं आणि आजही वाटतं.

आता तुझे ते "तीन" बघू. २०१० ला सेगिन. २०११ ला नवव्या पाळीवर हॅमिल्टन. आणि दुसऱ्या फेरीतला जॅरेड नाइट, जो एनएचएलचा एक सामनाही खेळला नाही. म्हणजे तीनाचे दोन तर तिथंच झाले. २०११ चा कप बॉस्टननं जिंकला तेव्हा सेगिन १९ वर्षांचा होता, नियमित हंगामात त्याचे ११ गोल. टँपाविरुद्धच्या एका सामन्यात त्यानं चार गुण मिळवून कमाल केली, ते खरं. पण तो कप टिम थॉमसच्या गोलकीपिंगचा, कर्णधार झ्देनो चाराचा, बर्जरोनचा. पुढच्या वर्षी सेगिन २९ गोल करून संघात सगळ्यात पुढे होता, आणि २०१३ च्या जुलैत बॉस्टननं त्याला डॅलसला देऊन टाकलं! तिथं पहिल्याच हंगामात त्यानं ३७ गोल केले. हॅमिल्टनला २०१५ च्या २६ जूनला कॅल्गरीला दिलं, पुन्हा तीन पिक घेऊन. त्यातल्या पंधराव्या पाळीवर बॉस्टननं झॅक सेनिशिन घेतला. सोळावा गेला मॅथ्यू बारझाल, सतरावा काइल कॉनर. एक पाळी पुढे, आणि दोन संघांची पुढची दहा वर्षं उभी राहिली.

लगेच १ जुलै २०१५ ला टोरांटोनं केसल पिट्सबर्गला पाठवला. एका आठवड्यात त्या जुन्या सौद्याची दोन्ही टोकं मोकळी झाली. त्या दिवशी दोन्ही शहरांत मिळून त्यातला एकही माणूस उरला नव्हता. मग हिशेब कुठल्या तारखेला थांबवायचा, सांग. २०११ ला थांबवलास तर बॉस्टन जिंकतं, २०१४ ला थांबवलास तर मी तुझ्याशी जोरात भांडू शकतो.

केसलबरोबर त्या दिवशी टायलर बिग्जही गेला. त्याची गोष्ट सांगतो, म्हणजे पिक किती फसवं असतं ते कळेल. २०११ मध्ये टोरांटोनं ३० वी आणि ३९ वी अशा दोन पाळ्या अ‍ॅनाहाइमला देऊन २२ वी घेतली आणि बिग्जला निवडलं. तो एनएचएलमध्ये एकदाही खेळला नाही. अ‍ॅनाहाइमनं त्या दोन पाळ्यांवर रिकार्ड राकेल आणि गोलकीपर जॉन गिब्सन मिळवले.

पिट्सबर्गला केसलभोवती क्रॉस्बी होता, माल्किन होता, दोघेही अव्वल सेंटर. तिसऱ्या ओळीत हॅगेलिन आणि बोनिनोबरोबर तो खेळला आणि २०१६ च्या प्लेऑफमध्ये २२ गुण मिळवून संघात पहिला आला. त्या वर्षी कप, पुढच्या वर्षी कप, आणि २०२३ मध्ये लास वेगासबरोबर तिसरा. टोरांटोत सुरू झालेली न चुकता खेळण्याची मालिका त्यानं कधी तुटू दिली नाही. २५ ऑक्टोबर २०२२ ला सलग ९९० वा सामना खेळून त्यानं लीगचा विक्रम मोडला, आणि त्याच रात्री त्याचा ४०० वा गोल झाला. तोच खेळाडू, तोच उजव्या बाजूनं सुटणारा फटका. बदलला तो भोवतालचा संघ.

टोरांटोला पिट्सबर्गच्या सौद्यात जे पहिल्या फेरीचं पिक आलं, ते पिट्सबर्ग प्लेऑफला पोचलं तरच मिळणार होतं. तेवढी अट इथं बरोबर घातलेली होती. ते पिक पुढे अ‍ॅनाहाइमला देऊन फ्रेडरिक अँडरसन हा गोलकीपर आणला, तो पाच हंगाम खेळला. कास्पेरी कापानेन हा पोरगाही आला होता. त्याला २०२० मध्ये परत पिट्सबर्गला देऊन टोरांटोनं पंधरावी पाळी मिळवली आणि रोदियोन अमिरोव्ह या रशियन मुलाला निवडलं. त्याला मेंदूत गाठ निघाली. ऑगस्ट २०२३ मध्ये, २१ व्या वर्षी, तो गेला. एनएचएलच्या बर्फावर तो एकदाही उतरू शकला नाही. बॉस्टननं दिलं तेव्हा केसलचं जेवढं वय होतं, तेवढंच त्याचं. केसल कर्करोगातून उठून हजारावर सामने सलग खेळला, आणि त्याच्याच बदल्यांच्या साखळीतून निघालेला हा पोरगा उठला नाही. "पिक वाया गेलं" असं कोणी म्हटलं की मला आता ऐकवत नाही. पिक म्हणजे कोणाचं तरी पहाटे उठून रिंकवर जाणारं मूल असतं, हे तुझ्यासारख्या शाळेच्या संघाला शिकवणाऱ्या माणसाला मी काय सांगणार!

तेव्हा माझं उत्तर असं: केसलसाठी दिलेलं मोल त्या दिवशी योग्य होतं, अट न घालणं अक्षम्य होतं, आणि पुढची सहा वर्षं त्याच्याभोवती संघ न उभारणं हा सगळ्यात मोठा तोटा होता. तो तोटा सौद्याच्या खात्यात घालू नकोस.

एक मुद्दा मात्र मला तुझ्याकडून हवा आहे. सेगिनला डॅलसला देऊन बॉस्टननं जे गमावलं, ते केसलच्या सौद्यातून वजा करायचं की नाही? माझं मत, करू नये. चांगलं मिळवणं आणि मिळालेलं राखणं ही दोन वेगळी कामं, आणि शियारेलीनं पहिलं चोख केलं होतं. पण तुझ्या रीतीनं, शेवटी काय हाती राहिलं यावर मोजायचं, तर ते वजा करावंच लागेल, आणि मग तुझं बॉस्टन फारसं पुढे राहत नाही. नीट विचार करून लिही. अविनाशलाही विचार, तो असल्या हिशेबात तुझ्याहून पक्का आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
रमेश