आपलं वर्तुळ

पक्या बे,

तीन महिने झाले तुझ्या मेसेजला उत्तर नाही दिलं, माफ कर. तब्येती ठीक, आईची शुगर वरखाली, बाकी चालू आहे. आज लिहायला बसलो कारण हे दुसऱ्या कोणाला सांगितलं तर म्हणेल, दगडच तर होते.

काकांनी काटोल रोडकडचं वावर, आपलं ते जुन्या दगडांचं वर्तुळ आहे ते, लेआउटवाल्याला देऊन टाकलं. मला माहीतच नाही, रविवारी सहज गेलो तर जेसीबी उभा. वर्तुळाचे सात दगड उपटून धुऱ्याला ढकललेले आणि मधला उंचवटा, ज्यावर बसून आपण हुरडा खायचो आणि तू एकटाच निम्मा संपवायचा, तो अर्धा कापलेला. वर गोटे, खाली काळी चिकट माती, वावरातल्या मातीहून एकदम वेगळी. कोणीतरी टोपल्यांनी वाहून आणली असणार, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी, आपल्या मेलेल्या माणसासाठी. मी हात लावला, ओली होती बे.

जेसीबीवाल्याला थांबवलं. तो पोरगा म्हणे मला तर सपाट करायला सांगितलं. मग त्याला नागपूरजवळच्या माहूरझरीचं सांगितलं, तिथं अशाच वर्तुळात माणसासोबत घोडा पुरलेला निघाला, तोंडावर तांब्याचे दागिने घातलेला. घोडा म्हटल्यावर तो खाली उतरला आणि माझ्यासोबत बघत उभा राहिला.

काकांशी खूप भांडलो. ते म्हणाले तिकडं जुनापाणीला अशी वर्तुळं तीनशेच्या आसपास आहेत ना, माझं एक गेलं तर काय? कर्ज आहे, दोन वर्षं संत्रा गळला, त्यांचंही खोटं नाही, म्हणून तर झोप लागत नाही. पण जुनापाणीला एकोणिसाव्या शतकातच रिवेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं खोदलं, पुढं सरकारनंही खोदलं, आता ते संरक्षित आहे. आपल्या वर्तुळाचा कुठं कागदच नाही. आत कोण झोपलंय हे बघायच्या आधीच त्यावर कोणाचा तरी पोर्च येणार. सोमवारी पुरातत्त्व खात्यात अर्ज दिला, पोच घेतली. काका आठ दिवस थांबतो म्हणालेत.

तुझं नवीन ऑफिस कसं आहे? बाबांचा गुडघा? वहिनीला सांग, दिवाळीत येतो.

आता काम. बारावीत तू फिजिक्सच्या वहीत मागच्या पानावर वर्तुळाचं चित्र काढलं होतं, पावलांनी मोजून, दगडांना नंबर देऊन. ती वही फेकली नसशील तर फोटो पाठव, आजच. मोडायच्या आधीचं तेवढंच आहे. आणि तो खळग्यांचा दगड, ज्यावर तू अकरा म्हणायचा आणि मी बारा, पाऊस पडला की प्रत्येकात बोटाच्या पेरभर पाणी साचायचं, तो पालथा पडलाय. मी एकट्यानं लावून पाहिला जोर, हलत नाही. चार जण लागतील. शनिवारी निघू शकतोस का?

तुझा,
बंड्या