दगडीपाला आणि अकरा भोपळे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला बागेतल्या तणांवरचा लेख वाचला आणि हातातला चहा गार झाला. लेखकमहाशय सांगतात, तणनाशक सकाळी नऊच्या सुमारास, वारा पडलेला असताना मारावे. वाऱ्याचे ठीक. पण त्याच वेळी दगडीपाला हे तण फुललेले असते आणि फुलोरी मधमाश्यांची त्यावर झुंबड उडालेली असते, हे त्यांनी कधी खाली वाकून पाहिले आहे काय?

गेल्या श्रावणात आमच्या सोसायटीने नेमके हेच केले. कंत्राटदाराचा माणूस पाठीवर पंप लावून हजर. कुठले औषध विचारले तर म्हणतो, "काका, गवताचं आहे." धन्य! ग्लायफोसेट हे तणनाशक कीडनियंत्रण चालकांखेरीज (म्हणजे पेस्ट कंट्रोलवाल्यांखेरीज) कुणी वापरू नये, अशी केंद्राची अधिसूचना ऑक्टोबर २०२२ मध्ये निघाली. ते हेच का, आणि असेल तर परवाना कुठे, एवढेच विचारले, तर सेक्रेटरी माझ्यावरच डाफरले.

आठवडाभरात कुंपणाकडची पट्टी वाळून कोळ. माझा लाल भोपळा त्याच कुंपणावर. मधमाश्या औषधाने मेल्या असे मी म्हणत नाही, पण यायच्या थांबल्या हे खरे. भोपळ्याचे मादीफूल पहाटे उमलते आणि दुपारच्या आत मिटते. तेवढ्यात पराग पोचला नाही तर फुलामागचा तो गोटीएवढा गोळा पिवळा पडून गळतो. असे अकरा गळले. शेवटी एकाहत्तराव्या वर्षी मी रोज सहाला उठून नरफूल खुडायचे, पाकळ्या सोलायच्या आणि मादीफुलावर घासायचे, हा उद्योग केला. सौ. म्हणाली, "लग्नं लावताय की काय?" तीन धरले.

आणि लव्हाळा? महापुरात वाचणारा तो, पंपाला काय भितो! गणपती बसायच्या आत पुन्हा हिरवागार. वाफसा असताना, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी असताना, खुरप्याने गाठींसकट उकरणे, पुन्हा उगवला की पुन्हा उकरणे, यात कंत्राटदाराचे बिल निघत नाही ही त्याची खरी अडचण. गाजरगवताची बाजू मी घेत नाही. ते फुलण्याआधी हातमोजे घालून उपटावेच. दगडीपाला मात्र निम्मा संध्याकाळी कापावा, निम्मा फुलू द्यावा. कुणाचे काय बिघडते?

जाता जाता, लेखासोबत 'मधमाशी' म्हणून छापलेला कीटक माशी आहे. पंख मोजा, दोनच आहेत; मधमाशीला चार असतात. आणि गेल्या रविवारच्या शब्दकोड्याचे उत्तर अजून आलेले नाही. आडवे सात कुणालाच सुटलेले नाही.

आपला,
एक जुना वाचक, सातारा
(नाव छापू नये. मला याच सोसायटीत राहायचे आहे.)