रणजित देसाईंच्या कथांनाही वाचक हवेत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कादंबरीकाराचा कथासंग्रह म्हणजे मोठ्या लेखनातून उरलेसुरले एकत्र बांधलेले पुस्तक, अशी समजूत वाचकांत आणि काही समीक्षकांतही घट्ट बसलेली आहे. त्यातच संग्रहातल्या कथा एकमेकींहून भिन्न असल्या, की ‘एकसूत्रता नाही’ हा शेरा ठरलेला. आपल्या भागात या समजुतीचा सर्वाधिक फटका बसला तो कोवाडच्या रणजित देसाई यांच्या कथांना, असे मला वाटते.

‘स्वामी’ 1962 मध्ये आली, तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि देसाई म्हणजे ऐतिहासिक कादंबरी, हे समीकरण कायमचे झाले. वास्तविक त्यांची पहिली ओळख कथाकाराची. त्यांचा पहिला कथासंग्रह पहिल्या कादंबरीच्याही आधीचा आहे. गावातल्या कष्टकरी माणसांच्या कथा, गाण्यात आयुष्य घालवणाऱ्या कलावंतांच्या कथा, इतिहासातल्या एखाद्याच प्रसंगावर थांबलेल्या कथा, असा त्यांचा पैस आहे. कादंबरीत एकाच काळाशी आणि एकाच नायकाशी शेकडो पाने बांधून घेणाऱ्या लेखकाला कथेत दर वेळी नवे जग मांडता येते, नवी भाषा वापरता येते, आणि तरीही माणसामागचे घर, जमीन, मानपान चार ओळींत उभे करण्याची कादंबरीकाराची सवय सुटत नाही. ही विविधता मला त्यांचे सामर्थ्य वाटते. काही कथांच्या शेवटी नाट्याचा सोस जाणवतो, हे खरे. पण ग्रामीण कथांत त्यांची भाषा दरबारी झूल उतरवून जेवढ्यास तेवढी बोलते, आणि मला तीच अधिक आवडते. असे संग्रह सलग वाचू नयेत. एका बैठकीत एकच कथा वाचावी.

कोवाड ज्या चंदगड तालुक्यात आहे, तो 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. पुढे सीमा आखली गेली, तरी तिकडच्या लोकांचा बाजारहाट आणि दवाखाना आजही बेळगावातच होतो, आणि आपल्या खानापूरच्या वाचकाला तिकडचा पाऊस व भातशेती समजावून सांगावी लागत नाही. असे असताना इथल्या घरांत त्यांच्या कादंबऱ्या हमखास सापडतात आणि कथासंग्रह मात्र क्वचितच दिसतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कडोली, उचगाव, येळ्ळूर येथील साहित्य संमेलनांत कथाकथनाला श्रोते आवर्जून बसतात. तिथे विनोदी कथांबरोबर देसाईंची एखादी ग्रामीण कथा पूर्ण सादर व्हावी, अशी संयोजकांना विनंती आहे. आपणही हक्कधारकांची परवानगी घेऊन रविवारच्या पुरवणीत त्यांच्या निवडक कथा क्रमाने छापाव्यात, आणि सुरुवात ऐतिहासिक कथेने न करता गावाकडच्या कथेने करावी.

आपला,
एक वाचक, बेळगाव